सुरी शिष्याची, जबाबदारी कुणाची?

शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार लागते, वरचा तांबडा दिवा पेटतो आणि बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो : "मोठे डॉक्टर स्वतःच करणार आहेत ना?" मघाशी आत गेलेल्या घोळक्यात दोनतीन चेहरे अगदी कोवळे होते. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती सुरी गेली तर?

शंका रास्त आहे. पण आजचा प्रत्येक नामांकित शल्यवैद्य एके काळी तसाच कोवळा होता, हेही विसरून चालणार नाही. काठावर बसून पोहणे येत नाही, तशी ही विद्याही नुसत्या पुस्तकातून येत नाही.

सुश्रुताने हे फार पूर्वी ओळखले होते. शिष्याने आधी कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेद घ्यावा. पाण्याने भरलेल्या कातडी पिशव्यांवर, मेलेल्या जनावरांच्या शिरांवर हात बसवावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. शास्त्र मुखोद्गत असले, तरी सराव नसलेला वैद्य कर्माला अयोग्यच! शिवाय व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी राजाची अनुज्ञा हवी. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ १८८९ साली सुरू झाले. तेथे विल्यम हॉल्स्टेड यांनी शिकाऊ डॉक्टरांवर पायरीपायरीने जबाबदारी वाढवत नेण्याची पद्धत रुजवली.

पण पायरी चुकली तर जाब कोणी द्यायचा?

इंग्लंडात १९५१ साली एका खटल्याचा निकाल लागला. हाताची दोन बोटे आखडली म्हणून एक गृहस्थ इस्पितळात गेले. शस्त्रक्रियेनंतर चौदा दिवस हात फळीला बांधलेला होता. वेदना असह्य झाल्याची तक्रार त्यांनी केली, तेव्हा निवासी डॉक्टरांनी गुंगीचे औषध तेवढे दिले. पट्टी सुटली तेव्हा चार बोटे ताठ! नेमके कोण चुकले हे रोग्याने शोधून काढायची गरज नाही, उत्तर इस्पितळाने द्यावे, असे न्यायालयाने ठरवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००४ साली याच निवाड्याचा आधार घेतला.

दुसरा खटला एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा. नवख्या डॉक्टरने नळी धमनीऐवजी शिरेत घातली. पण त्याने वरिष्ठांना तपासायला सांगितले. चूक वरिष्ठांच्याही नजरेतून निसटली. १९८६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने म्हटले की, नवखेपणा ही सबब नव्हे. पण ज्याने वेळीच वरिष्ठांना विचारले, त्याने आपले कर्तव्य केले. दोष आला तो वरिष्ठांकडे. (त्या चुकीनेच बाळाची दृष्टी गेली का, हा वाद मात्र १९८८ साली फेरसुनावणीसाठी परत पाठवला गेला.)

यातून गुरूची कर्तव्ये स्पष्ट होतात. शिष्याला किती येते हे पारखल्याशिवाय सुरी त्याच्या हाती देऊ नये; हाकेच्या अंतरावर राहावे; आणि हात अडखळला की सुरी स्वतःकडे घ्यावी. शिष्याचे कर्तव्य एकच, पण कठीण : "मला हे येत नाही" असे वेळेवर म्हणण्याचे. ज्या गुरूच्या धाकाने शिष्याची जीभ अडखळते, त्या गुरूने पहिली चूक तिथेच केलेली असते.

आणि आपण? सही करण्यापूर्वी तीन प्रश्न शांतपणे विचारावेत : शस्त्रक्रिया कोण करणार? देखरेखीला कोण असणार? अडचण आली तर कोण धावून येणार? संमती ही रोग्याची स्वतःची असते. जिवाला तातडीचा धोका नसताना, सज्ञान रोगी बेशुद्ध आहे म्हणून त्याच्या आईची सही घेऊन वेगळी शस्त्रक्रिया करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले आहे. तेव्हा विचारण्यात संकोच कसला?

उत्तरे नीट मिळाली, तर त्या कोवळ्या चेहऱ्याकडे संशयाने पाहू नये. उद्या आपल्या नातवंडांच्या उशाशी उभा राहणारा मोठा डॉक्टर तोच असेल. आज त्याच्या मागे कोणी जाणते उभे आहे ना, एवढे मात्र पाहावे.