अडचण दुसरीत, दाखला नववीत

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून नायर रुग्णालय बसने फार लांब नाही. पुढे परळला केईएम, त्याहून पुढे शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया किंवा डिसकॅल्क्युलियाचा दाखला मुंबईतल्या पालकांना वर्षानुवर्षे महापालिकेच्या या तीन रुग्णालयांतून मिळत आला. गिरगावातल्या मुलाला मदतीचे दार इतके जवळ असूनही तिथे पोचेपर्यंत बहुतेकदा दहावी तोंडावर आलेली असते.

दाखल्यामागे मोठी धडपड आहे. पूर्वी असे मूल ‘ढ’ ठरे, नाहीतर आळशी. 1996 मध्ये महाराष्ट्र सरकारने देशात प्रथमच या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. त्याच साली पालक आणि तज्ज्ञांनी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन केली. ‘तारे जमीन पर’ पडद्यावर आला तो 2007 मध्ये; तोवर शीवच्या रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमता केंद्रात अशी कितीतरी मुले तपासून झाली होती.

तपासणी एका दिवसात उरकत नाही. आधी डोळे आणि कान, मग बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञाची बुद्ध्यांक चाचणी, शेवटी विशेष शिक्षक मुलाला वाचायला, लिहायला, गणिते सोडवायला देतात. बुद्धी चांगली आणि वाचन-लेखन मात्र इयत्तेच्या दोन वर्षे मागे, अशी तफावत तिथे शोधली जाते. रोजंदारीवरच्या आईबापांना यातली प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला दिवस.

मराठी माध्यमातल्या मुलाचे दुखणे आणखी आत दडलेले असते. इंग्रजी स्पेलिंग लहरी, त्यामुळे तिथली अडचण चटकन उघडी पडते. देवनागरीत उच्चार आणि अक्षर बरेचसे जुळतात, म्हणून मूल चुकते कमी, अडखळते जास्त. त्याच्या संथपणाला घरात ‘सराव नाही’ म्हणतात. पण ‘कि’ची वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. ‘र’ तर ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘राष्ट्र’मध्ये वेगळेच रूप घेतो. त्यात घ-ध, भ-म, थ-य यांची सरमिसळ. हे ओळखायला मराठीत बेतलेली चाचणीच हवी. इंग्रजीतल्या चाचणीचा नुसता तर्जुमा करून ते साधत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच आणला. त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. मराठी शाळांच्या शिक्षकखोल्यांत तो पोचायला हवा.

कायदा बराच पुढे गेला आहे. 1995 च्या अपंगत्व कायद्यात 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. अतिचंचलतेचे, म्हणजे एडीएचडीचे, वेगळे नाव मात्र यादीत नाही. ज्या मुलाची तक्रार शिक्षक सर्वाधिक करतात, त्याच मुलाला कायद्याचा आधार शोधावा लागतो, ही उणीव गंभीर आहे. 2018 च्या केंद्रीय सूचनांनी अध्ययन अक्षमतेची पडताळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी ठरवली, फेरतपासणी 14 आणि 18 व्या वर्षी. म्हणजे नववीपर्यंत थांबायचे कारणच नव्हते.

लवकर कळले तर काय करता येते, याची उदाहरणे शहरातच आहेत. जेरबानू आणि होरमसजी वकील यांनी 1944 मध्ये आपल्या मुलीसाठी सुरू केलेली जय वकील शाळा आज शिवडीत आहे. तिथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी घडलेला अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांत गेला. चिंचपोकळी स्थानकाजवळच्या ‘उम्मीद’ केंद्रात 2001 पासून लहान वयातच मुलांच्या विकासाकडे पाहिले जाते आणि पालकांनाही सोबत घेतले जाते.

नेहमीच्या शाळेतले काम याहून साधे आहे आणि तेच अडले आहे. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील कागद देणे, तोंडी उत्तर मान्य करणे, एका वेळी एकच सूचना सांगणे, स्वमग्न मुलाला दिवसाचे वेळापत्रक चित्रांत दाखवणे. यातल्या एकाही गोष्टीला दाखला लागत नाही. विशेष शिक्षक मात्र लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्रमाण सांगितले: प्राथमिकमध्ये अशा 10 मुलांमागे एक, वरच्या वर्गांत 15 मुलांमागे एक. गिरगावातल्या मराठी शाळांत पट घसरला आहे, वर्ग लहान झाले आहेत. दोन-तीन शाळांनी मिळून एक विशेष शिक्षक घेतला, तरी तिसरीतल्या मुलाचे वाचन तिसरीतच ऐकून घेतले जाईल. त्यासाठी पदाची मंजुरी शासनाकडून यायची आहे आणि ती मागणारे पत्र शाळेच्या व्यवस्थापन समितीने, पालकांच्या सह्यांनिशी, याच वर्षी पाठवायला हवे.