ढगाच्या पोटात शिरलेलं विमान

जुलैतली दुपार. सोलापुरात आभाळ काळंकुट्ट भरून येतं. आज्जी ओरडते, "अरे, गच्चीवरच्या पापड्या उचला!" तुम्ही धावत वर जाता, पापड्या खाली आणता. आणि तो ढग? चार शिंतोडे टाकतो आणि खुशाल कलबुर्गीच्या दिशेने निघून जातो.

एवढं पाणी डोक्यावरून जातं, मग ते पडत का नाही?

एक कारण सह्याद्री. समुद्रावरून आलेलं वारं घाट चढतानाच बरंचसं रिकामं होतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सोलापूरला जेमतेम त्याच्या आठव्या हिश्श्याएवढा. हे तुम्ही भूगोलात घोकलेलं आहेच. दुसरं कारण मात्र ढगाच्या आत दडलंय, आणि मला तेच जास्त आवडतं.

ढगातला पाण्याचा कण केवढा असतो? मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यातल्या एक-दोन भागांएवढा! तो खाली पडतच नाही, वर येणारी हवा त्याला सहज तरंगत ठेवते. दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब व्हायला असे दहा लाखांच्या घरात कण एकत्र यावे लागतात. हवेत धूळ आणि धुराचे बारीक कण फार असले की प्रत्येकाभोवती थोडं थोडं पाणी जमतं. वाटेकरी जास्त, वाटा छोटा. सगळेच कण चिमुकले राहतात आणि एकमेकांवर आपटून मोठे होत नाहीत.

हे कळायला ढगात शिरावं लागतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ शिरले! 2009 साली त्यांनी 'कायपीक्स' नावाचा प्रयोग सुरू केला आणि 2018 व 2019 च्या पावसाळ्यात त्यासाठी सोलापूर निवडलं. विमानाच्या पंखाखाली लेसरची उपकरणं. कण लेसरच्या झोतातून गेला की प्रकाश विखुरतो, आणि त्यावरून त्याचा आकार कळतो. जमिनीवर केगावला रडार होतं, गावोगावी पर्जन्यमापक होते. शिवाय तापमान, आर्द्रता मोजणारी पेटी घेऊन फुगे वर जायचे. वर हवेचा दाब कमी होत जातो, म्हणून फुगा फुगत फुगत शेवटी फट्‌कन फुटतो.

दुसऱ्या विमानाचं काम होतं पेरणीचं. हो, ढगातसुद्धा पेरणी करतात! कॅल्शियम क्लोराईड हा क्षार पाणी पटकन ओढून घेतो. विमानाला लावलेल्या नळकांड्या ढगाच्या तळाशी पेटवायच्या. तळाशीच का? तिथून हवा वर चढत असते, क्षाराचे कण ती आपोआप ढगात नेते. त्यांच्याभोवती मोठे कण तयार होतात, ते लहानांना गिळत जातात आणि थेंब बनतो.

आता खरी गंमत. समजा, पेरलेल्या ढगातून पाऊस पडला. पण तो पेरल्यामुळेच पडला कशावरून? कदाचित तसाही पडला असता! तोच ढग पुन्हा आणून, न पेरता बघता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी सारखे वाटणारे ढग निवडले आणि कोणता पेरायचा, कोणता सोडायचा हे क्रिकेटच्या नाणेफेकीसारखं नशिबावर सोपवलं. 'हा छान दिसतोय, हाच पेरू' म्हणायला बंदी! असे 276 ढग तपासले. चांगला, टपोरा ढग समोर असून त्याला हात न लावता नुसतं मोजत बसायचं, याला केवढा संयम लागत असेल!

2023 साली निकाल प्रसिद्ध झाले. पेरलेल्या ढगांपासून वारा ज्या बाजूला वाहतो, तिकडच्या शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे 18 टक्के जास्त पाऊस आढळला, काही ठिकाणी तर 46 टक्क्यांपर्यंत. पण ढगच नसेल तर पेरणार कशात? कोरड्या आभाळातून पाऊस काढण्याची युक्ती अजून कुणाकडेच नाही.

विमान नसलं तरी एक मोजमाप तुम्हीही करू शकता. दुपारी कापसासारखे सुटे ढग दिसले की हवामानाच्या ॲपवर तापमान आणि दवबिंदू बघा. दोन्हींतला फरक गुणिले 125, एवढे मीटर उंचीवर ढगाचा तळ, साधारणपणे. तापमान 30, दवबिंदू 22 असेल तर फरक 8, म्हणजे ढगाचा तळ सुमारे एक किलोमीटरवर. हेच गणित जूनमध्ये करा, मग ऑगस्टमध्ये, आणि ढग कधी जास्त खाली उतरतो ते वहीत मांडा.