प्रदर्शनातली गाडी आणि दारातली गाडी



परवा पालक सभा संपली आणि एक पालक मागे थांबले. मोबाईल पुढे करून म्हणाले, "सर, ही गाडी उन्हावर चालते म्हणं. सव्वातीन लाखाला आहे. लिंक आलीय, पाच हजार भरू का?" घरात दोन लेकरं, नवरा-बायको आणि एक मोटारसायकल. पावसाळ्यात शाळेत सोडायला येतात तेव्हा त्यांचे हाल मी रोज बघतो. त्यामुळे हसून सोडून देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. मी एवढंच म्हणालो, "दोन दिवस थांबा, आपण नीट बघू."

बघितल्यावर कळलं की गाडी खरी आहे, पण व्हिडिओ जानेवारी २०२५ चा आहे आणि लिंक कुठून तरी फॉरवर्ड होत आलेली आहे. 'दाखवलेली गाडी' आणि 'मिळणारी गाडी' यातला फरक मुलांना आणि आपल्यालाही समजायला हवा, म्हणून हा लेख.

वाहन प्रदर्शन म्हणजे काय?

आपल्याकडे जत्रेत बैलांचं प्रदर्शन भरतं. उत्तम जनावर सजवून आणतात, लोक बघतात, भाव विचारतात. वाहन प्रदर्शनातही कंपन्या आपल्या नव्या गाड्या मांडतात. भारतातलं सर्वांत प्रसिद्ध प्रदर्शन म्हणजे ऑटो एक्स्पो. ते १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये ते दिल्लीच्या भारत मंडपममध्ये 'भारत मोबिलिटी' या मोठ्या प्रदर्शनाचा भाग म्हणून भरलं होतं.

तिथे साधारण तीन प्रकारच्या गाड्या असतात.

१) विक्रीची गाडी : किंमत जाहीर झालेली, शोरूममध्ये येणारी.
२) विक्रीच्या जवळ आलेली गाडी : रूप जवळजवळ ठरलेलं, पण किंमत आणि तारीख बाकी.
३) कन्सेप्ट कार : म्हणजे संकल्पना गाडी. 'आम्ही असा विचार करतोय' हे सांगण्यासाठी बनवलेला नमुना.

मुलांना कन्सेप्ट कार समजावायची तर मी निबंधाचं उदाहरण देतो. आपण आधी कच्चं लिहितो. त्यात मनात येईल ते सगळं असतं. मग खाडाखोड होते, काही वाक्यं जातात, काही राहतात आणि शेवटी पक्की वही तयार होते. कन्सेप्ट कार हे कच्चं लिखाण आहे. तिला आरशांच्या जागी कॅमेरे असतील, चाकं भलतीच मोठी असतील, दाराला मूठच दिसणार नाही. पुढे नियम, सुरक्षेच्या चाचण्या, खर्च आणि आपले रस्ते यांचा विचार होतो आणि मग खाडाखोड सुरू होते.

कच्च्या वहीपासून पक्क्या वहीपर्यंत

आपल्या रस्त्यावर रोज दिसणारी टाटा पंच घ्या. मार्च २०१९ मध्ये ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'एच टू एक्स' नावाने नमुना म्हणून आली. २०२० च्या ऑटो एक्स्पोत 'एचबीएक्स' नावाने पुन्हा दिसली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पंच म्हणून विक्रीला आली. नमुन्याची चाकं आणि बंपर जास्त दणकट होते. विक्रीची गाडी साधी झाली, पण चेहरा ओळखू येतो. नाव मात्र दोनदा बदललं!

आता सिएरा बघा. मूळ सिएरा १९९१ ची. मागच्या बाजूची मोठी, छतापर्यंत वळलेली काच ही तिची ओळख. २०२० च्या ऑटो एक्स्पोत टाटांनी तिचा नवा नमुना इलेक्ट्रिक गाडी म्हणून मांडला. प्रत्यक्षात गाडी विक्रीला आली नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे जवळपास सहा वर्षांनी, आणि आधी आली ती पेट्रोल-डिझेलमध्ये. तेव्हा सुरुवातीची किंमत ११ लाख ४९ हजार होती. वळलेल्या काचेची जागा काळ्या रंगाच्या पट्ट्याने भरून काढली आहे. लांबून बघितलं की जुनी काच आठवते, एवढंच. २०२० मध्ये पहिलीत असलेलं लेकरू गाडी येईपर्यंत सहावी-सातवीत गेलं, असं मी वर्गात सांगतो. मुलांना काळ असा पटकन कळतो.

आणि नॅनो? ती १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली गेली. एका स्कूटरवर भिजत जाणारं कुटुंब पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. 'एक लाखाची गाडी' म्हणून जगभर गाजावाजा झाला. पण कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, विक्री अपेक्षेएवढी झाली नाही आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. कल्पना चांगली होती, गाडी खरी होती, तरीही टिकली नाही. म्हणून प्रदर्शनातल्या टाळ्यांवरून निकाल लावायचा नसतो.

आता ती उन्हावर चालणारी गाडी

तिचं नाव ईव्हा. बनवणारी कंपनी पुण्याची, वायवे मोबिलिटी. २०२३ च्या ऑटो एक्स्पोत तिचा नमुना आला आणि जानेवारी २०२५ मध्ये किंमत जाहीर झाली. गाडी छोटी आहे. पुढे फक्त चालक, मागे एक मोठं माणूस आणि एक लहान मूल. कंपनीने तेव्हा सांगितलं होतं की गाड्या २०२६ पासून मिळतील.

इथे गणिताचा तास सुरू होतो!

गणित पहिलं : छतावरच्या सोलर पॅनेलमधून वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत चालेल, असा कंपनीचा दावा. ३००० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला साधारण ८ किलोमीटर. परभणीहून जिंतूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. म्हणजे फक्त उन्हावर जायचं तर पाच दिवस गाडी उन्हात उभी करावी लागेल. बाकी चार्जिंग विजेवरच. शिवाय आपल्या मे महिन्याच्या उन्हात गाडी लिंबाखाली लावायची की उन्हात, हा प्रश्न आहेच.

गणित दुसरं : जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सव्वातीन लाखात बॅटरी येत नव्हती. ती भाड्याने होती, किलोमीटरला २ रुपये. बॅटरीसह त्याच गाडीची जाहीर किंमत तेव्हा ३ लाख ९९ हजार होती. फरक ७४ हजार. ७४,००० भागिले २ म्हणजे ३७,००० किलोमीटर. रोज ३० किलोमीटर चालवली तर साधारण तीन वर्षं साडेचार महिन्यांनंतर भाड्याची बॅटरी महाग पडू लागते.

पाचवीच्या मुलांनी हा भागाकार आनंदाने केला. पुस्तकातल्या आंब्याच्या पेट्यांपेक्षा यात त्यांना जास्त रस वाटला, कारण हिशेब घरातला होता.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

परिसर अभ्यासात वाहतुकीचा पाठ चालू असताना मुलांना नव्या गाडीची एखादी बातमी किंवा चित्र आणायला सांगा. मग गटात हे प्रश्न द्या :

- बातमी कोणत्या तारखेची आहे?
- गाडी फक्त दाखवली आहे की विक्रीला आली आहे?
- सांगितलेल्या किमतीत काय येतं, काय येत नाही?
- दुरुस्ती आपल्या तालुक्यात होईल का?
- ही माहिती कोण देतंय? विकणारा की वापरणारा?

शेवटी प्रत्येकाने 'माझ्या गावासाठी कन्सेप्ट गाडी' काढायची. आमच्या वर्गात एका मुलीने मागे कापसाची दोन गाठोडी ठेवायला जागा असलेली आणि चिखलात न रुतणारी गाडी काढली. दुसऱ्याने छतावर पाण्याची टाकी दिली. हसू नका. आपली अडचण ओळखून त्यावर चित्र काढणं, इथूनच खरी कन्सेप्ट कार सुरू होते.

त्या पालकांनाही मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी दुसराच प्रश्न विचारला, "सर, आम्ही चौघं. यात बसणार कसं?" मोबाईलमध्ये गाडी इतकी छान दिसत होती की हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लिंक त्यांनी पुसून टाकली. त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याने विचारलं, "सर, ही गाडी पुण्यात बनवली? मग परभणीत का नाही बनत?"

याचं उत्तर मी अजून शोधतोय. तुमच्या वर्गात असा प्रश्न आला तर टाळू नका, फळ्यावर लिहून ठेवा.