प्रोकार्बाझीन दोनदा वगळताना

हॉजकिन लिम्फोमा हा अनेकदा ऐन तारुण्यात गाठणारा कर्करोग. अमेरिकेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी १९७० साली ‘मॉप’ या चार औषधांच्या उपचाराचे निष्कर्ष मांडले आणि पसरलेला आजारही औषधांनी बरा होतो हे दिसले. बऱ्या झालेल्या पुरुषांचे वीर्य तपासले गेले, तेव्हा दहांतल्या आठांहून अधिक जणांत शुक्राणूच सापडेनात. मेक्लोरेथामाइन आणि प्रोकार्बाझीन ही त्यातली औषधे शुक्राणू घडवणाऱ्या मूळ पेशीच मारतात. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी त्या मानाने चिवट. त्यामुळे दाढी-मिशा, कामेच्छा शाबूत राहते आणि वंध्यत्वाचा पत्ता पुष्कळदा लग्नानंतरच लागतो.

यावर ढाल शोधण्याचा मार्ग ऐंशीच्या दशकात जोरात होता. हार्मोनची इंजेक्शने देऊन वृषणांचे काम तात्पुरते थांबवले, तर केमोथेरपीचा घाव हलका बसेल अशी कल्पना. उंदरांत तिला यश दिसले, हॉजकिनच्या रुग्णांत नाही. आजही वनस्पतींचे अर्क आणि जीवनसत्त्वे उंदरांना देऊन केलेले प्रयोग ढिगाने छापले जातात. त्यांतले बहुतेक उंदीर निरोगी असतात, त्यामुळे तोच अर्क गाठीलाही वाचवेल का, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. खरे संरक्षण दिले ते औषधे बदलण्याने. मिलानमध्ये जियानी बोनाडोना यांनी सत्तरच्या दशकात प्रोकार्बाझीन वगळलेले ‘एबीव्हीडी’ आणले आणि ते घेतलेल्या बहुतेक पुरुषांत शुक्राणू परतले. आधी जीव वाचवा, मुलांचे नंतर बघू, हा आक्षेप रास्तच होता. पण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत आजारावरही एबीव्हीडी मॉपपेक्षा सरस ठरले. पुढे जर्मनीतल्या जोरकस ‘बीकॉप’मधून प्रोकार्बाझीन परतले. आजार अधिक आटोक्यात आला, वंध्यत्वही परत आले. त्या काळापुरता आक्षेप खराच होता. २०२४ साली एचडी-२१ या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. नव्या ‘ब्रेकॅड’मध्ये प्रोकार्बाझीन नाही, तरी आजारावर पकड अधिक आणि वृषणांचे काम सावरणारे पुरुषही अधिक. याचे श्रेय एकट्या वगळण्याला देता येणार नाही. ब्रेंटुक्सिमॅब हे नवे औषध हाती आल्यामुळे तेवढी जागा मिळाली.

पण अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी बुसल्फान हे वृषणांना असेच मारक औषध द्यावे लागते, तिथे अशी मोकळीक क्वचितच असते. तिथे उपाय उरतो तो उपचारांआधी वीर्य गोठवण्याचा. गोठवलेल्या शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचे आयोवातून १९५३ सालीच जाहीर झाले होते. आजारी माणसाचा नमुना कमकुवत असतो, ही तक्रार १९९२ नंतर फारशी टिकत नाही. ब्रुसेल्सच्या ‘इक्सी’ तंत्रात एका बीजांडाला एकच शुक्राणू पुरतो. उपचारांना उशीर होईल म्हणावे, तर एका नमुन्याला दिवसही लागत नाही. तरीही उपचार सुरू करण्याआधी रुग्णाशी हे बोलावे, असे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीला २००६ साली मार्गदर्शक सूचनांत लिहावे लागले. वयात न आलेल्या मुलांकडे गोठवायला शुक्राणूच नसतात. त्यांच्या वृषणांतला ऊतीचा तुकडा जपून ठेवतात. अशाच गोठवलेल्या ऊतीपासून २०१९ साली माकडाचे पिल्लू जन्मल्याचे जाहीर झाले. मात्र ल्युकेमियाच्या मुलांत त्या तुकड्याबरोबर कर्करोगाच्या पेशीही शरीरात परतण्याचा धोका आहे.