रेल्वेची मोरी आणि चढणीचे मासे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

पहिला दणक्यात पाऊस झाला की कोकणात ओढ्यांना पाणी येतं आणि मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर निघतात. हेच चढणीचे मासे. आता समजा, त्या ओढ्यावर रेल्वेचा भराव आला आणि पाण्यासाठी खाली एक पाइप टाकला. पाइपचं तोंड तळापासून दोन फूट वर. पाणी मस्त वाहतं, पण मासा तिथेच अडकतो. त्याच्यासाठी वरचा अख्खा ओढा बंद!

आणि असे ओढे थोडेथोडके नसतात. कोकण रेल्वेच्या सुमारे ७४० किलोमीटरमध्ये लहानमोठे मिळून जवळपास दोन हजार पूल आहेत. म्हणजे दर किलोमीटरला दोन-तीन वेळा रूळ पाण्याला ओलांडतात.

मग उपाय काय? मोरी ओढ्याच्या पात्रापेक्षा रुंद ठेवायची आणि तिचा तळ पात्राच्या खाली गाडायचा. मग आत नैसर्गिक दगड-वाळू साचते आणि माशाला तो ओढाच वाटतो. खर्च थोडा वाढतो, पण पुरात मोरी तुंबण्याची शक्यताही कमी होते. म्हणजे फायदा रेल्वेचाही आहे.

दुसरा शत्रू म्हणजे गाळ. बोगदा खोदला, डोंगर कापला की मातीचे ढिगारे उरतात. ते ओढ्याकाठी टाकले तर पावसात सगळं पाण्यात. ही बारीक माती माशांच्या कल्ल्यांत अडकते, दगडांच्या फटीतली अंडी झाकून टाकते. म्हणून ढिगारे पाण्यापासून लांब हवेत, बोगद्यातलं गढूळ पाणी आधी टाकीत निवळायला हवं, आणि उघड्या उतारांवर पावसाआधी गवत लागायला हवं. वाळा यासाठी भारी, कारण त्याची मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतात. पात्रातलं काम तर कोरड्या महिन्यांतच उरकायचं.

प्राण्यांचं काय? त्यांना रस्ता द्यायचा. पेंचजवळच्या ४४ नंबरच्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी ९ मार्ग ठेवलेत, त्यातला सगळ्यात लांब ७५० मीटरचा. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा दिसलेत. रुळांनाही हेच लागू होतं. पण असे मार्ग आराखड्यातच हवेत. भराव झाल्यावर तो फोडून मार्ग काढणं म्हणजे ॲप लाँच झाल्यावर डेटाबेस बदलण्यासारखं आहे. होतं, पण रडवतं.

आता अवघड प्रश्न. सगळं नीट केलं तर रूळ कुठूनही न्यावेत का? गोव्यातलं मोले आठवा. तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे मार्गाचं दुपदरीकरण भगवान महावीर अभयारण्यातून जाणार होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीनं २०२१ मध्ये विरोधात मत दिलं आणि मे २०२२ मध्ये न्यायालयानं वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. काही ठिकाणी सगळ्यात चांगली मोरी म्हणजे न बांधलेली मोरी.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी टाळा, मग नुकसान कमी करा, आणि भरपाई सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बऱ्याचदा थेट 'झाडं लावू' पासूनच सुरुवात होते. पण लावलेलं झाड अडलेल्या माशाला वर नेत नाही.

पुढच्या पावसात ट्रेननं गावी जाल तेव्हा खिडकीतून एखादी मोरी बघा. पाणी सपाट वाहतंय की वरून पडतंय? आम्हाला नक्की कळवा. भेटूच!