वालचंदांची मोटार

वरठीच्या स्टेशनाला भंडारा रोड म्हणतात, हे वरठीकरांना सांगायला नको. इथेच सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. १९८० नंतरच्या दहा वर्षांत तो उभा राहिला. इथले पोलाद मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यांकडे जाते. म्हणजे रस्त्याने धावणाऱ्या एखाद्या मोटारीच्या पोटात वरठीचे पोलाद असू शकते.

आज आपल्याला याचे नवल वाटत नाही. पण पूर्वी मोटारीचे इंजिन आपल्या देशात होत नव्हते. ते इथे व्हावे म्हणून ज्यांनी जिवाचे रान केले, त्यांच्यापैकी एकाची हकिगत आम्ही आज सांगणार आहोत. त्यांचे नाव वालचंद हिराचंद.

जोडणे वेगळे, घडवणे वेगळे

आधी एक गोष्ट समजून घेऊ. गावचा सुतार बंडी करतो. तो लाकूड निवडतो, तासतो, तुंब्यात आरे बसवतो. लोहार चाकावर लोखंडी धाव चढवतो. ही झाली बंडी घडवणे. आता समजा, कुणी चाके, आस, जू सारे परगावाहून तयार आणले आणि नुसते जोडले. बंडी तयार होईल. पण चाक मोडले तर? पुन्हा परगावी धाव घ्यावी लागेल. पैसाही तिकडेच जाईल.

मोटारीचे असेच होते. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत कारखाना काढला. मागून फोर्ड कंपनीही आली. पण मोटारीचे मुख्य भाग बोटीने, पेट्यांत भरून यायचे. इथले कामगार ते जोडायचे. हात आपले, पण विद्या त्यांची आणि नफाही त्यांचा.

सोलापूरचे वालचंद

वालचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरला झाला. घराणे व्यापाऱ्याचे. पण त्यांचे मन दुकानात रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाचे गृहस्थ पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांच्याशी भागी करून वालचंदांनी रेल्वेची बांधकामे घेतली. त्यात त्यांचा जम बसला.

१९१९ साली त्यांनी आणखी काही जणांबरोबर सिंदिया ही जहाज कंपनी काढली. तिची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवू पाहिले. पण ती टिकली. परक्यांच्या हाती असलेल्या धंद्यात शिरणे किती कठीण, हे वालचंदांना तेव्हाच कळले.

परवानगी मिळेना

देशात मोटारी घडवाव्यात, ही कल्पना थोर इंजिनियर विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास मांडली. त्यांनी परदेशचे कारखाने पाहून योजना तयार केली. वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळानेही मदतीची तयारी दाखवली. पण १९३९ साली महायुद्ध पेटले आणि मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

वालचंद स्वस्थ बसले नाहीत. ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणे केले, ते फिसकटले. मग क्रायस्लर कंपनी तयार झाली. आता अडचण कुठे होती? अडचण घरच्याच दारात होती. यंत्रे आणायला डॉलर लागत, बोटीत जागा लागे. दोन्ही सरकारच्या हाती. आणि इंग्रज सरकार म्हणे, मोटारीचा कारखाना लढाईच्या कामाचा नाही.

गंमत बघा. याच अमेरिकेच्या प्रवासात वालचंदांना विमाने बांधणारा एक अमेरिकन माणूस भेटला. त्यातून १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना निघाला. लढाईसाठी विमाने हवी होती, म्हणून सरकारने त्याला वाट दिली. विमानाला परवानगी मिळाली, मोटारीला मिळाली नाही!

कुर्ल्याचा कारखाना

अखेर १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन झाली. मुंबईजवळ कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी, पहिली मोटार बाहेर पडली.

पण ती मोटारही जोडलेलीच होती! भाग क्रायस्लरचे होते. वालचंदांना हे ठाऊक होते. घडवणे एका दिवसात येत नाही. इंजिनात नळीसारखी पोकळी असते. तिच्यात दट्ट्या वरखाली होतो. दोहोंच्या मापात केसाइतका फरक पडला तरी इंजिन बिघडते. त्यासाठी चांगले पोलाद हवे, नेमकी यंत्रे हवीत आणि शिकलेले हात हवेत. म्हणून एकेक भाग इथे करायला सुरुवात झाली.

१९५३ साली सरकारने धोरण ठरवले : जो इथे मोटार घडवील, त्यालाच धंदा करता येईल. नुसते जोडणे चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर मात्र टिकली.

वालचंदांना हे फार दिवस पाहता आले नाही. १९४९ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ८ एप्रिल १९५३ रोजी ते वारले. पुढच्याच वर्षी, इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या कराराने, कुर्ल्याहून फियाट ११०० ही मोटार निघू लागली.

पुढे काय झाले?

हीच फियाट पुढे ‘पद्मिनी’ झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघर ठाऊक झाली. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. किती मोटारी करायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरे. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे. धंद्यात चढाओढ नव्हती, म्हणून मोटारीत फारशी सुधारणाही झाली नाही. १९८३ साली मारुती आली आणि पद्मिनी मागे पडली. २००० च्या सुमारास ती निघणे थांबले. २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली.

मग वालचंदांचे कष्ट फुकट गेले का? आम्हाला तसे वाटत नाही. मोटार गेली, पण घडवण्याची विद्या मागे राहिली. कातारी, ओतारी, फिटर तयार झाले. सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने निघाले. त्यांना पोलाद लागले, म्हणून पोलादाचे कारखाने वाढले. वरठीच्या भट्टीतला पोलादाचा गोळा त्याच साखळीतली एक कडी आहे.

मात्र पद्मिनीची गोष्ट आणखी एक शिकवते. विद्या एकदा आली म्हणून भागत नाही. तिला रोज धार लावावी लागते. शेतातल्या विळ्याला लावतो, तशीच.