जनहितार्थ संदेशपट, दूरचित्रवाणीवरील

जनहितार्थ संदेशपट, दूरचित्रवाणीवरील : आरोग्य, सुरक्षितता, साक्षरता, नागरी कर्तव्ये इ. विषयांसंबंधी शासकीय अभिकरणे किंवा नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्था यांच्या वतीने तयार केले जाणारे व दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होणारे अत्यल्प लांबीचे चित्रपट. व्यवसायात त्यांना ‘स्पॉट’ म्हणतात. त्यांची लांबी सामान्यतः ३० किंवा ६० सेकंद असते. अनुबोधपटाला विषय उलगडून दाखविण्यास अवसर असतो, तसा तो संदेशपटास नसतो. बाह्यरचनेत तो जाहिरातीसारखाच असला, तरी जाहिरातीचे यश मालाच्या खपावरून मोजता येते. संदेशपटाचे यश मात्र पुष्कळदा काहीतरी न घडण्यात असते. न झालेला अपघात वा न जडलेला रोग पडद्यावर दाखविता येत नाही आणि हिशेबातही सहज धरता येत नाही. या प्रकारच्या निर्मितीतील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेत १९४२ मध्ये जाहिरात व्यावसायिकांनी युद्धकार्यासाठी एक परिषद स्थापन केली व युद्धानंतर तीच सार्वजनिक हिताच्या जाहिरातींकडे वळली. ब्रिटनमध्ये हे काम केंद्रीय माहिती कार्यालयाकडे (१९४६–२०१२) होते. तेथील संदेशपट दोन कार्यक्रमांमधील मोकळी जागा भरण्यासाठी विनामूल्य दाखविले जात. भारतात या परंपरेचा आरंभ चित्रपटगृहांत झाला. १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट व वार्तापट मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. दूरदर्शनचे दिल्ली केंद्र १५ सप्टेंबर १९५९ रोजी व मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मधील उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगाने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी गाठली. तथापि काही सेकंदांत आटोपणाऱ्या चित्रपटाची सवय प्रेक्षकांना लागली ती १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर सशुल्क जाहिराती सुरू झाल्यानंतर.

मुंबईत चित्रपटांचे कलामंदिर, रसायनशाळा, ध्वनिमुद्रणगृहे व जाहिरात संस्था या सर्वांची सोय जवळजवळ असल्याने हे शहर या निर्मितीचे स्वाभाविक केंद्र झाले. येथील दोन कृती विशेष उल्लेखनीय होत. मूळच्या मुंबईकर विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला एक अनेक और एकता (१९७४) हा फिल्म्स डिव्हिजननिर्मित बोधपट पुढे दूरदर्शनवरून वर्षानुवर्षे दाखविला गेला. त्याची चलच्चित्रे भीमसैन यांची होती. मिले सुर मेरा तुम्हारा हा गीतपट १५ ऑगस्ट १९८८ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. लोकसेवा संचार परिषदेसाठी केलेल्या या चित्रपटाचे गीत पीयूष पांडे यांचे, संगीत अशोक पत्की व लुई बँक्स यांचे, तर दिग्दर्शन कैलाश सुरेंद्रनाथ यांचे होते; पं. भीमसेन जोशी यांच्या स्वराने त्याचा प्रारंभ होतो. या दोन्ही कृती लोकप्रिय झाल्या. पण त्यांत प्रेक्षकाकडून एका भावनेपलीकडे काही मागितलेले नाही. आरोग्यविषयक संदेशपटास एवढ्यावर भागविता येत नाही.

निर्मितिप्रक्रिया : संदेशपटाचा बराचसा भाग चित्रीकरणापूर्वीच घडतो किंवा बिघडतो. पुरस्कर्त्या संस्थेला सामान्यतः पुष्कळ सांगावयाचे असते. तीस सेकंदांच्या चित्रपटात, सेकंदास २५ चौकटी या दूरचित्रवाणीच्या प्रमाणाने, ७५० चौकटी येतात आणि सावकाश बोलले तर निवेदन पन्नास-साठ शब्दांपलीकडे जात नाही. त्यामुळे प्रेक्षकाने नेमकी कोणती एक गोष्ट करावयाची हे आधी ठरवावे लागते. मुंबईच्या पावसाळ्याचे उदाहरण घेता येईल. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला. मिठी नदीला मिळणाऱ्या वाकोला नाल्याच्या परिसरासारखे सखल भाग पाण्याखाली गेले व नंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. अशा वेळी ‘स्वच्छता राखा’ हा संदेश निरुपयोगी ठरतो. कारण नाला तुंबणे हे तेथील रहिवाशाच्या हाती नसते. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषध घ्यावे, हे मात्र त्याला करता येते. यात मुदत आहे, ठिकाण आहे आणि कृती आहे. अर्थात त्या दिवशी दवाखाना उघडा व औषध शिल्लक असले पाहिजे. ही खातरजमा न करता काढलेला संदेशपट कितीही देखणा असला, तरी तो लोकांची फसवणूकच करतो.

उद्दिष्ट ठरल्यावर संहिता व प्रसंगांची रेखाटने तयार करतात आणि ती ज्यांच्यासाठी चित्रपट काढावयाचा त्यांना दाखवून पाहतात. ही चाचणी कार्यालयातच, सहकाऱ्यांवर उरकण्याचा मोह असतो. तीतून हाती काही लागत नाही. वस्तीतील बाई रेखाटनातील स्वयंपाकघर पाहून ‘हे आमच्यासाठी नाही’ असे म्हणाली, तर ते चित्रीकरणापूर्वी कळलेले बरे. एकच चित्रपट अनेक भाषांत जावयाचा असल्यास पात्रांचे बोलणे समीप दृश्यात घेत नाहीत. ओठांची हालचाल दुसऱ्या भाषेशी जुळत नाही. अर्थ निवेदकाच्या आवाजावर सोपवितात व अक्षरांशिवाय घेतलेल्या शेवटच्या चौकटीवर भाषेनुसार मजकूर चढवितात. मराठी पाठ बहुधा हिंदीवरून बेतला जातो. मराठी वाक्य हिंदीहून लांब झाले की, निवेदक धावू लागतो. म्हणून भाषांतर न करता मराठी निवेदन चित्रावरून नव्याने लिहिणे श्रेयस्कर.

एका कृतीवर बेतलेल्या मोहिमेचे मोठे उदाहरण म्हणजे पल्स पोलिओची मोहीम. १९९५ पासून देशभर राबविल्या गेलेल्या या कार्यक्रमाच्या संदेशपटांतून अमिताभ बच्चन यांनी पुढे पालकांना चक्क रागावून विचारणा केली. पाच वर्षांखालील बालक, ठरलेला रविवार व जवळचे लसीकरण केंद्र एवढेच सांगावयाचे होते आणि मागे स्वयंसेवकांची फळी उभी होती. देशातील अखेरचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. याचे श्रेय अर्थात केवळ संदेशपटांस देता येणार नाही. याउलट २००२-०३ मधील मुंबईतील ‘बलबीर पाशा’ या एड्सविषयक मोहिमेत कृतीऐवजी कुतूहल योजले होते. बलबीर पाशाला एड्स होईल काय, या प्रश्नाची चर्चा शहरभर झाली व मदतवाहिनीकडे विचारणा वाढली. पण त्याच्या कथेतील वेश्येच्या उल्लेखाने रोगाचा दोष स्त्रीवर येतो, अशी टीका स्त्रीसंघटनांनी केली. ही टीका रास्त होती.

प्रक्षेपणवेळ : संदेशपट बनविण्यापेक्षा तो दाखविण्याचा खर्च अनेकदा जास्त असतो. शासकीय संदेशपटांसाठी वेळ दृश्य प्रसिद्धी संचालनालयामार्फत ठराविक दराने घेतली जाई. २०१७ मध्ये ते अन्य प्रसिद्धी विभागांत विलीन झाले. लहान संस्थांस वाहिन्यांच्या औदार्यावर अवलंबून राहावे लागते, आणि दानात मिळालेली वेळ बहुधा मध्यरात्रीनंतरची असते. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाजगी वाहिन्यांनी राष्ट्रीय महत्त्वाच्या विषयांस दररोज ३० मिनिटे देणे अपेक्षित आहे. शासकीय जाहिरात आणि सत्ताधाऱ्यांची प्रसिद्धी यांतील सीमारेषेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १३ मे २०१५ च्या निकालाने अशा जाहिरातींतील छायाचित्रे राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांच्यापुरती मर्यादित केली. मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्री यांनाही मोकळीक मिळाली.

वास्तव रुग्णांचे दर्शन : कृतक प्रसंगाऐवजी खऱ्या रुग्णास बोलते करणे हे या माध्यमाचे सर्वांत प्रभावी व सर्वांत नाजूक तंत्र होय. २००९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहा आठवडे चाललेल्या धूररहित तंबाखूविरोधी राष्ट्रीय मोहिमेत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक व मुखकर्करोगाचे रुग्ण दाखविले होते. नंतरच्या पाहणीत, मोहीम आठवणाऱ्या लोकांना तंबाखूच्या दुष्परिणामांची जाण अधिक असल्याचे दिसले. याच रुग्णालयातील रुग्ण, भुसावळचा मुकेश हराणे, याचा संदेशपट याहूनही अधिक पाहिला गेला. आपण एकच वर्ष गुटखा खाल्ला, असे तो त्यात सांगतो. २७ ऑक्टोबर २००९ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती जुलै २०१२ मध्ये. त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून तंबाखूसेवनाची दृश्ये असलेल्या चित्रपटांच्या आरंभी व मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांचे आरोग्यविषयक संदेशपट दाखविणे सक्तीचे झाले आणि मुकेशचा चेहरा देशातील चित्रपटगृहांत वारंवार दिसू लागला.

या पुनरावृत्तीचा परिणाम दुहेरी झाला. नाव ठाऊक नाही असा प्रेक्षक क्वचितच उरला, पण पहिल्या खेपेस स्तब्ध होणाऱ्या प्रेक्षागृहात पुढे त्याच्या वाक्यांची नक्कल होऊ लागली. एका मृत तरुणाच्या आर्जवाचा विनोद व्हावा, यात प्रेक्षकांच्या कठोरपणापेक्षा योजनेतील उणीव अधिक होती : नियमाने वेळ मिळवून दिली, परंतु चित्रपट बदलत ठेवण्याची तरतूद पुरेशी नव्हती. संमतीचा प्रश्नही येथे उद्भवतो. रुग्णाने दिलेली संमती तो हयात असताना, एका मोहिमेपुरती कल्पना करून दिलेली असते. त्याच्या पश्चात चित्रपट किती काळ, कोठे दाखवावा व कुटुंबियांस केव्हा विचारावे, हे करारातच लिहिलेले असणे आवश्यक आहे. २ ऑक्टोबर २०१३ पासून मुकेशचा व फुप्फुसाची स्पंजाशी तुलना करणारा असे दोन्ही संदेशपट मागे घेऊन त्यांच्या जागी ‘चाइल्ड’ व ‘धुआँ’ हे नवे संदेशपट दाखविण्यात येऊ लागले.